मनगटावरचा आकडा आणि देहाचा जमाखर्च

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



ज्या गावाची घडण बाजारपेठेत झाली, त्या गावाला वजनमापाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, हे असेच गाव आहे. येथील आडत दुकानातील काट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून ठरावीक मुदतीने पडताळणी होते व त्यावर मुद्रा उमटते. देणारा आणि घेणारा या दोघांचाही विश्वास त्या मुद्रेवर उभा असतो. परंतु अलीकडे त्याच व्यापाऱ्याच्या मनगटावर एक नवा काटा आला आहे. तो धान्य तोलत नाही. देहाने दिवसभरात किती उष्मांक खर्च केले, ते सांगतो. त्याच्या जोडीला मोबाइलमधील आहार-ॲप असते. ते ताटातून किती उष्मांक पोटात गेले, ते सांगते. एक खर्चाची बाजू, दुसरी जमेची. प्रश्न इतकाच, की या दोन काट्यांवर मुद्रा कुणाची आहे?

उदाहरणादाखल सावेडीत राहणारे पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ कल्पावेत. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. रक्तातील साखर वाढल्याचे तपासणीत आढळले, डॉक्टरांनी चालावयास सांगितले आणि मुलाने वाढदिवसाला घड्याळ आणून दिले. गृहस्थ नेमाने पहाटे उठून तासाभरात पाच किलोमीटर चालू लागले. चालून येताच घड्याळ ३४० उष्मांक जळाल्याचे दाखवी आणि ॲप सांगे, की आज आणखी ३४० उष्मांक खाण्यास मोकळीक आहे. मग रविवारी दालबाटीवर तुपाची वाढीव धार पडे, एरवी दुपारच्या चहाबरोबर शेव किंवा मूठभर बदाम येत. हिशेब चोख होता. परंतु सहा महिन्यांनी वजन तेवढेच राहिले आणि साखर किंचित वाढलीच. गृहस्थ खचले. एवढे चालूनही काही होत नसेल तर चालावयाचे कशाला, असे म्हणून त्यांनी घड्याळ कपाटात ठेवले आणि चालणेही सोडले.

गृहस्थ काल्पनिक आहेत. त्यांची चूक मात्र घरोघरी घडते. ती चूक आळसाची नव्हे. अंदाजाला माप मानल्याची ती चूक आहे. ती कशी घडते, हे समजून घेण्यासाठी प्रथम उष्मांक मोजतात कसा, हे पाहणे अगत्याचे आहे.

खरे मोजमाप कसे होते

एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तिला व्यवहारात एक उष्मांक किंवा किलोकॅलरी म्हणतात. सजीव देह उष्णता निर्माण करतो आणि ती मोजता येते, हे फ्रान्समध्ये लव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात दाखविले. त्यांनी गिनीपिग हा लहानसा प्राणी बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवला आणि किती बर्फ वितळला यावरून त्याच्या देहाची उष्णता काढली. पुढे अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी १८९० च्या दशकात माणूस आत राहू शकेल अशी बंद खोलीच उभारली. प्रथिने व कर्बोदके यांच्या एका ग्रॅमला चार उष्मांक आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमला नऊ, हा आजही पाकिटांवर वापरला जाणारा हिशेब त्यांच्याच कार्यातून आला.

आज खर्च मोजण्याच्या विश्वसनीय पद्धती मोजक्याच आहेत. एक, अशी बंद खोली. दुसरी, तोंडावर मुखवटा लावून श्वासातील प्राणवायू व कर्बवायू यांचे मापन. तिसरी, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या जड अणूंनी खूण केलेले पाणी पिण्यास देऊन पुढील एक-दोन आठवडे लघवीतील त्या खुणांचा माग काढणे. नॅथन लिफसन यांनी १९५५ मध्ये ही रीत उंदरांवर वापरली आणि १९८२ मध्ये ती माणसावर आली. या तिन्ही पद्धती खर्चिक आहेत, तज्ज्ञांच्या हातच्या आहेत, आणि यांपैकी एकही मनगटावर मावत नाही.

घड्याळ काय पाहते

मग घड्याळ काय करते? त्याच्या पाठीमागे हिरवा प्रकाश असतो. रक्त हा प्रकाश शोषून घेते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला शोषणात फरक पडतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. त्याच्यात हालचाल टिपणारा एक सूक्ष्म संवेदकही असतो. मनगट किती व कसे हलले, ते त्यावरून कळते. या दोन गोष्टींत वय, वजन, उंची आणि लिंग मिळवून एक सूत्र चालविले जाते आणि पडद्यावर आकडा उमटतो. म्हणजे घड्याळ ठोके मोजते, हालचाल मोजते; उष्मांक मात्र मोजत नाही, तो अनुमानाने काढते.

हे अनुमान कितपत खरे ठरते, याची तपासणी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली व २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. साठ स्त्री-पुरुषांना निरनिराळी सात मनगटी साधने बांधून चालविले, पळविले, सायकल चालविण्यास सांगितले आणि श्वासमापनाशी ताळा घेतला. हृदयाच्या ठोक्यांबाबत सातांपैकी सहा साधनांची चूक पाच टक्क्यांच्या आत निघाली. ही गोष्ट खरोखर कौतुकाची. परंतु उष्मांकांबाबत सर्वांत बऱ्या साधनाची चूक सरासरी २७ टक्के, तर सर्वांत वाईट साधनाची ९३ टक्के होती. त्यानंतर साधने बदलली, म्हणून २०२० मध्ये १५८ शोधलेखांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यातही पावले व ठोके यांचे आकडे पुष्कळ अंशी ठीक ठरले, पण उष्मांकांबाबत एकही नाममुद्रा अचूक ठरली नाही. तराजूची भाषा वापरावयाची, तर किलोमागे पाव किलोची तफावत दाखविणारा काटा बाजारात एक दिवसही टिकणार नाही.

ही चूक उपजते कोठून, ते जिल्ह्यातच पाहता येते. अकोले तालुक्यातील कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. साठ किलो वजनाच्या माणसाने पायथ्यापासून ९०० मीटर चढण चढली, असे धरावे. देह तेवढा उचलण्यासाठी सुमारे १२६ उष्मांकांएवढे निव्वळ काम होते. स्नायू खर्चलेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच कामात उतरवतात. म्हणून केवळ चढाईसाठी सुमारे ५०० उष्मांक लागतात. उतरताना पावले जवळजवळ तेवढीच पडतात, पण खर्च पुष्कळच कमी होतो. केवळ पावले मोजणाऱ्या साधनाला जाणे-येणे सारखेच. शिवाय लोखंडी शिड्यांवर कठडा धरून चढताना मनगट फारसे झुलत नाही. म्हणजे जेथे श्रम सर्वाधिक, तेथेच हालचाल कमी दिसते.

नेप्तीच्या कांदा बाजारात पाठीवर पन्नास किलोची गोणी घेऊन चालणारा हमाल, किंवा डोक्यावर उसाची मोळी घेऊन फडातून गाडीकडे जाणारी ऊसतोड कामगार स्त्री, यांच्या हाती असे घड्याळ बांधले तर ते काय सांगेल? दोन्ही हात ओझ्याला धरलेले, म्हणून हालचाल थोडी. आणि ओझ्याचे वजन घड्याळाला कोणी सांगितलेलेच नाही. नाडीची गती वाढलेली दिसेल, परंतु ती श्रमाने वाढली, उन्हाने वाढली की चिंतेने, हे त्याला ठाऊक नसते. ज्यांचे श्रम सर्वांत अधिक, त्यांचा हिशेब सर्वांत कच्चा, असा हा काटा आहे.

सूत्रे कुणाच्या देहावर बेतलेली

दुसरे कारण सूत्रांच्या मुळाशी आहे. माणूस दिवसभर अंथरुणावर पडून राहिला, निराहार राहिला, तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांचे काम चालूच असते. या किमान खर्चाला मूलभूत चयापचय म्हणतात आणि बैठे जीवन जगणाऱ्याच्या एकूण खर्चात त्याचाच वाटा सर्वांत मोठा असतो. तो काढण्याचे एक प्रसिद्ध सूत्र हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १९१९ मध्ये अमेरिकेत १३६ पुरुष व १०३ स्त्रियांच्या मोजमापांवरून बसविले. नंतर सुधारित सूत्रे आली, तीही मुख्यतः पाश्चात्त्य देहांवर बेतलेली. ती भारतीयांना लावली असता खर्च वाजवीपेक्षा अधिक येतो, असे येथील शास्त्रज्ञांना आढळले. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने आंतरराष्ट्रीय सूत्रांत पाच टक्के कपात स्वीकारली होती. सावेडीच्या त्या गृहस्थांसाठी १९९० च्या मिफ्लिन सूत्राने दिवसाचा मूलभूत खर्च सुमारे १४८० उष्मांक येतो. त्यात पाच टक्क्यांची तफावत म्हणजे ७४ उष्मांक. चालण्याचा हिशेब सुरू होण्यापूर्वीच एवढी घट.

व्यायामाच्या तक्त्यांचेही तसेच. विश्रांतीत दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू लागतो, हे त्या तक्त्यांचे एकक. ते सत्तर किलो वजनाच्या, चाळीस वर्षांच्या एका पुरुषावरून आलेले आहे. २००५ मध्ये ७६९ स्त्री-पुरुषांवर केलेल्या मापनात ही सरासरी सुमारे २.६ मिलिलिटरच निघाली.

याहून बोलके उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढला जाणारा देहभार निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु देहातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसावयास सडपातळ, परंतु आत चरबी अधिक आणि स्नायू कमी, अशी भारतीय देहाची घडण याज्ञिक यांनी जगापुढे मांडली. स्नायू चरबीपेक्षा अधिक ऊर्जा खर्चतात. म्हणून केवळ उंची आणि वजन विचारणारे घड्याळ त्या दोघांनाही जवळपास सारखाच आकडा देईल, आणि तो दोघांनाही लागू पडणार नाही.

ताटाची बाजू

खर्चाची बाजू अशी. जमेची तरी पक्की आहे काय? ॲपमध्ये 'ज्वारीची भाकरी, नग एक' अशी नोंद होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या, घरोघरी वापरल्या गेलेल्या तक्त्यात शंभर ग्रॅम ज्वारीला ३४९ उष्मांक दिलेले आहेत. कुणाच्या घरची भाकरी ४० ग्रॅम पिठाची, तिचे सुमारे १४० उष्मांक. कुणाच्या शेतावरची ८० ग्रॅम पिठाची, तिचे २७९. दोन्ही नग एकच. याच संस्थेने २०१७ मध्ये देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांचे नवे तक्ते काढले. तक्ते उत्तम आहेत, परंतु थापणाऱ्या हाताचे माप कोणत्याही तक्त्यात मावत नाही. दालबाटीचे तर विचारूच नये. बाटीवर एक मोठा चमचा तूप पडले की सुमारे १२० उष्मांक वाढतात. दोन पडले की २४०. ॲपला दिसते ती केवळ 'एक थाळी'.

पोटात गेलेले सारे अंगी लागते, असेही नाही. अमेरिकन कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये असे दाखविले, की २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून तक्त्यानुसार सुमारे १७० उष्मांक मिळावयास हवेत, प्रत्यक्षात देहाला १२९ च मिळतात. उरलेली चरबी पेशींच्या भिंतींत अडकून तशीच बाहेर पडते. येथे तक्ता जास्त दाखवितो, तर तुपाच्या बाबतीत माणूस कमी नोंदवितो. चुका दोन्ही दिशांनी होतात, आणि त्या एकमेकींना आपोआप फेडतील अशी हमी कोणी देत नाही.

देह स्वतः हात आखडतो

समजा, उद्या निर्दोष घड्याळ आले. तरीही वजाबाकी जुळेलच असे नाही, कारण देह ही निर्जीव तिजोरी नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा येथे ३६ तरुणांना स्वेच्छेने चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटले. मूलभूत खर्च मात्र त्याहूनही अधिक, सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. आवक घटली की देह खर्च आवरता घेतो. अधिक हालचालीनेही असेच काहीसे घडते. २०२१ मध्ये १७५४ प्रौढांच्या खूण केलेल्या पाण्याच्या मापनांवरून असे दिसले, की हालचालीने वाढलेल्या खर्चापैकी सरासरी २८ टक्के खर्च देह इतरत्र काटकसर करून भरून काढतो.

आता सावेडीच्या गृहस्थांचा रोजमेळ पुन्हा मांडावा. घड्याळाने ३४० दाखविले. श्वासमापनाने खरा खर्च २५० निघाला, असे धरावे. त्यातील सुमारे ६० उष्मांक त्या तासात स्वस्थ बसूनही खर्च झालेच असते. म्हणजे चालण्याची निव्वळ कमाई १९०. गृहस्थांनी त्या बदल्यात ३४० खाल्ले. रोजची तूट १५०, महिन्याची ४५००. कागदावर ती अर्ध्या किलोहून अधिक चरबीएवढी होते. देहाची काटकसर तर यात धरलेलीच नाही. गृहस्थांचे चालणे फुकट गेले नव्हते. चालण्याची पावती मिळताच तिच्यावर उधारी उचलली गेली, एवढेच.

अमेरिकेत सुमारे ४७० तरुण स्थूल व्यक्तींवर दोन वर्षे झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोगही हेच सुचवितो. आहार-व्यायामाचे मार्गदर्शन सर्वांनाच होते. ज्यांना मापनसाधन दिले होते, त्यांचे वजन सरासरी ३.५ किलोने घटले. ज्यांना दिले नव्हते, त्यांचे ५.९ किलोने.

मग उपयोग कोणता?

यावरून घड्याळ टाकून द्यावे, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. काटा चुकीचा असला तरी त्याची चूक ठरावीक दिशेने होत असेल, तर कल कळण्यापुरता त्याचा उपयोग होतो. तेच घड्याळ, तोच माणूस, तोच रस्ता असेल, तर या आठवड्यातील पावले मागील आठवड्याशी ताडून पाहावीत. दहा हजार पावलांचा आग्रहही नको. तो आकडा १९६५ मध्ये जपानात विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. जो तीन हजार चालतो, त्याने पाच हजार चालावे, हेच पुष्कळ. नाडीच्या गतीची नोंदही उपयोगी आहे. परंतु जळालेल्या उष्मांकांचा आकडा भोजनाच्या ताटापर्यंत येऊ देऊ नये. चालण्याच्या बदल्यात खाणे, हा व्यवहारच बंद करावा.

ताटाचा हिशेब हवाच असेल, तर तो ॲपपेक्षा वाण्याच्या वहीत अधिक सरळ सापडतो. पंधरा किलोचा तेलाचा डबा पाच माणसांच्या घरात दोन महिन्यांत संपत असेल, तर दर माणशी रोज पन्नास ग्रॅम तेल, म्हणजेच ४५० उष्मांक होतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी तेला-तुपाचे प्रमाण सुमारे २७ ग्रॅम आहे. डबा दोन महिन्यांऐवजी तीन महिने पुरविला, तर रोजचे दीडशे उष्मांक प्रत्येकाच्या ताटातून आपोआप उतरतात. गृहस्थांची तूट नेमकी तेवढीच होती. त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही, गृहिणीची आणि घरच्यांची संमती मात्र हवी.

देहाचा ताळेबंदही काढता येतो. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन. महिन्यातून एकदा कमरेचा घेर, जो भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. आणि मधुमेहींसाठी दर काही महिन्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी. ही खरी मापे आहेत. साखर उतरविण्याच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर घड्याळाच्या आकड्यावरून जेवण टाळणे, औषध कमी-जास्त करणे किंवा उपवास धरणे कटाक्षाने टाळावे. साखर अचानक उतरण्याचा धोका जिवावर बेतू शकतो. तो निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा.

या सभागृहात ऊनोदरी हा शब्द कुणास नवा नाही. भुकेपेक्षा दोन घास कमी घेणे, ही ती शिस्त. तिच्यात उष्मांक नाहीत, सूत्र नाही, पडदा नाही. माप खाणाऱ्याच्या स्वतःच्या भुकेचे आहे. ज्याचा देह, त्याचाच काटा. आधुनिक पोषणशास्त्राने एवढ्या खटाटोपानंतर ज्या जागी आणून सोडले आहे, ती जागा येथून फार दूर नाही.

राहता राहिले सावेडीचे ते गृहस्थ. त्यांनी कपाटातील घड्याळ हवे तर पुन्हा बांधावे, हवे तर नातवाला खेळावयास द्यावे. त्याने काही बिघडत नाही. पहाटेचे चालणे मात्र त्यांनी उद्यापासून पुन्हा सुरू करावे. पाच किलोमीटर चालल्याने स्नायू साखर वापरू लागतात, हृदय बळकट होते, झोप चांगली लागते. हा लाभ घड्याळाने नोंदला तरी होतो आणि न नोंदला तरी होतो. अंदाज चुकला म्हणून श्रम चुकीचे ठरत नाहीत.